पुस्तकात न आलेली लिपा

आमच्या सेरेदनोयेच्या गिरणीचा भोंगा जवळजवळ दीड वर्ष वाजला नाही. क्रांतीनंतरची लढाई चालू होती, दक्षिणेकडचा कोळसा बंद झाला होता, आणि एका हिवाळ्यात बॉयलर थंड पडला तो पडलाच. मागखात्यात साडेचारशे माग धूळ खात उभे राहिले. गोदामात कापसाच्या थोड्या गासड्या शिल्लक होत्या, पण माग फिरवायला वाफ नव्हती. तेझा नदीच्या काठी सात पिढ्या कापड विणणारं गाव, आणि तिथल्या बाया सकाळी उठून करायचं काय म्हणून भिंतीला टेकून बसायच्या.

ग्लाफिरा नेफ्योदोव्ना त्यातलीच एक. तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. बाराव्या वर्षी मागावर उभी राहिली, आणि तिच्या हाताचं खात्यात नाव होतं. ताण्याचा धागा तुटला की इतर बाया माग थांबवून गाठ मारायच्या. ग्लाफिराची गाठ पापणी लवायच्या आत बसलेली असायची, आणि कापडावर बोट फिरवलं तरी लागायची नाही. नवरा त्रिफोन त्याच गिरणीत भट्टीवर होता. तो लाल पलटणीबरोबर गेला आणि शरद ऋतूत त्याच्याबरोबरच्या कुणीतरी लिहिलेलं पत्र आलं, की तो टायफसने गेला. कामगारांच्या बराकीतल्या एका खोलीत आता तिघी उरल्या होत्या. ग्लाफिरा, तिची सहा वर्षांची मुलगी लिपा आणि त्रिफोनची थोरली बहीण उस्तिन्या. उस्तिन्या विधवा होती, मूलबाळ नव्हतं. लिपाला तिनेच अंगाखांद्यावर खेळवलं होतं.

एकोणीसशे वीसच्या मे महिन्यात गिरणीच्या आवारात सभा भरली. बोलायला उभा राहिला तो इंजिनखात्यातला म्हातारा कपितोन लुकिच. त्याला भाषण येत नसे. टोपी हातात चुरगाळत तो म्हणाला,

"कोळसा यायचा नाही. कुणी सांगत असेल येणार म्हणून, तर खोटं सांगतोय. जळण झामोश्येच्या दलदलीत आहे. पीट, म्हणजे जळाऊ माती. खणायचं, वाळवायचं, आणायचं. पुरुषमाणसं आघाडीवर. म्हणजे जायचं कुणी, ते तुमचं तुम्हीच समजा."

"आणि पोरांना कोण सांभाळणार? तुझी म्हातारी?" मागून कुणीतरी ओरडलं.

"माझी म्हातारी मला सांभाळते तेच पुष्कळ," कपितोन म्हणाला, आणि बऱ्याच दिवसांनी त्या आवारात हसू फुटलं.

पहिला हात ग्लाफिराने वर केला. पुढे अनेकांनी तिला विचारलं की तेव्हा मनात काय होतं. क्रांती होती का, त्रिफोनची आठवण होती का. ती म्हणायची, खरं सांगायचं तर मला मागांचा आवाज ऐकायचा होता. त्या शांततेने वेड लागायची पाळी आली होती.

उस्तिन्या घरी येऊन भांडी आपटू लागली.

"भाऊ गेला. आता तू चाललीस. पोर माझ्या गळ्यात."

"गळ्यात काय म्हणतेस, ती तुझ्याच मांडीवर झोपते. माझ्याकडे येतेय कुठे?"

"मोठी आलीये दलदल खणायला! हात बघ आपले. हे हात फावडं धरणारे आहेत होय?"

लिपा पलंगाखालून मांजराला ओढत होती. तिने विचारलं, "आई, दलदलीत बेडूक असतात?"

"असतात की."

"मग एक आण."

झामोश्ये नऊ कोसांवर. तिथे चाळीस बाया एका लाकडी बराकीत राहिल्या. खड्ड्यात उतरून ओला गाळ कापून वर फेकायचा, हे पूर्वी ताकदवान गडी करत. आता बाया करू लागल्या. मांडीपर्यंत काळं पाणी, आणि जूनमध्येसुद्धा शेवाळाखाली हाताला बर्फ लागायचा. पायात झाडाच्या सालीचे जोडे आणि फडक्याच्या पट्ट्या. त्या आदल्या दिवशीच्या वाळलेल्या नसत, तशाच ओल्या गुंडाळायच्या. वर काढलेला गाळ साच्यात दाबून त्याच्या विटा पाडायच्या, पसरायच्या, चार दिवसांनी उलटायच्या, मग रचायच्या. रचलेल्या ढिगाला पाऊस फारसं काही करू शकत नाही. पसरलेल्या विटांचा मात्र पुन्हा चिखल होतो. खायला खारवलेला सुका मासा, कोंडा घातलेली काळी भाकर आणि भाजलेल्या गाजराचा चहा.

मार्फुशा नावाची एक एकोणीस वर्षांची पोर होती, तिचं तोंड म्हणजे पाणचक्की. डासांनी सुजलेला चेहरा घेऊन ती म्हणायची, "बायांनो, माझं लग्न जमायचं असेल तर आत्ताच जमवा. गाल एवढे भरलेले पुन्हा दिसणार नाहीत." तिच्यामुळे दिवस ढकलले जात. ग्लाफिराला, देखरेखीला बरोबर आलेल्या कपितोनने टोळीची प्रमुख केलं, कारण ती ओरडत नसे आणि सगळ्यांच्या आधी खड्ड्यात उतरे. तिला नको होतं ते. पण केलं म्हटल्यावर तिने ते अंगावर घेतलं.

जुलैच्या दहा तारखेला दुपारी भाकरी घेऊन गाडीवाला आला. पोती उतरवून झाल्यावर टोपी मागे सारत तो म्हणाला,

"ग्लाफिरा कोण? तुझ्या नणंदेने निरोप दिलाय. पोरीचा घसा आलाय. ताप आहे. ये म्हणावं."

"फार आहे का?"

"मी काय वैद्य आहे? जेवढं सांगितलं तेवढं सांगितलं."

त्या वर्षी घटसर्प गावोगाव फिरत होता. घसा आलाय म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येक बाईला कळत होतं. ग्लाफिराने फावडं खाली ठेवलं आणि ती कपितोनकडे गेली. तो ढिगाऱ्याशेजारी उभा राहून पश्चिमेकडे बघत होता. तिकडे आभाळ शिशासारखं झालं होतं, आणि मैदानभर पसरलेल्या होत्या दोन महिन्यांच्या मेहनतीच्या विटा, उलटून झालेल्या, रचायच्या राहिलेल्या.

"जा," तो ऐकून म्हणाला. "मी अडवणार नाही. अडवायला माझी जीभ उचलणार नाही."

ती निघेना. तो पुन्हा आभाळाकडे बघून म्हणाला, "फक्त एक सांगतो, कारण नंतर सांगितलं तर तू म्हणशील आधी का नाही सांगितलं. इथल्या वीसजणींची पोरं घरी आहेत. प्रमुख निघाली की त्याही निघतील. थांबवायचं कुणी आणि कशाच्या जोरावर? आणि हे भिजलं तर यंदा भोंगा नाही."

"किती दिवसांचं काम आहे?"

"अंग मोडून केलं तर तीन."

ग्लाफिरा परत मैदानावर आली. मार्फुशाने विचारलं, "मावशी, निघालीस?" ती म्हणाली, "रचून झालं की." आणि ओणवी झाली. बाकीच्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं आणि त्याही ओणव्या झाल्या. ते तीन दिवस तिथे कुणी गाणं म्हटलं नाही. मार्फुशासुद्धा गप्प होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटचा ढीग उभा राहिला तेव्हा पहिले थेंब पडत होते. ग्लाफिराने जोड्यांच्या दोऱ्या आवळल्या आणि ती तशीच, चिखलाने माखलेली, चालू लागली.

चौदा तारखेच्या सकाळी ती गावातल्या बराकीत आपल्या खोलीच्या दारात पोचली. उस्तिन्या चुलीपाशी पाठमोरी बसली होती. वळली नाही.

"लिपा कुठंय?"

"गेली."

"कुठे? दवाखान्यात?"

"गेली म्हणते ना. साथीच्या बराकीत नेलं होतं, तिथेच गेली. तिथल्या माणसांनीच पुरली, चुना टाकून, सगळ्यांबरोबर. मलासुद्धा जवळ जाऊ दिलं नाही." मग ती वळली. "निरोप मिळाला होता तुला?"

"मिळाला होता."

"कधी?"

"शनिवारी."

"आज बुधवार आहे, ग्लाशा."

पुढे चौदा वर्षं उस्तिन्याने हे वाक्य वेगवेगळ्या तऱ्हांनी ऐकवलं. कधी शब्दांनी, कधी वाटी पुढे सरकवण्याच्या पद्धतीने. त्या दिवशी ती पुन्हा चुलीकडे वळली. मृत्यूचा कागद तिने पेटीत ठेवला. ग्लाफिराला तेव्हा वाचता येत नव्हतं, आणि येत असतं तरी तिने तो मागितला नसता.

पाच दिवसांनी ती दलदलीत परत गेली. हंगाम संपला नव्हता. उस्तिन्या दारात आडवी आली.

"तुझ्या छातीत काय आहे गं? तीच जळाऊ माती?"

ग्लाफिरा तिच्या बाजूने निघून गेली. आपण का जातोय हे तिला सांगता आलं नसतं. कदाचित त्या खोलीत बसणं तिला जमत नव्हतं. कदाचित ते तीन दिवस फुकट गेले असं होऊ नये, एवढंच तिला धरून होतं. तिने सप्टेंबर अखेरपर्यंत खणलं. इतर बाया आळीपाळीने खड्ड्यात उतरायच्या. ही कुणाला आपली पाळी घेऊ देत नसे. गुडघे आणि बोटांची पेरं सुजायला लागली, तेव्हा तिने फडक्याच्या पट्ट्या हातालाही गुंडाळल्या. गावी परतताना घोडागाडीत चढायला तिला दोघींनी हात दिला.

फेब्रुवारीत भोंगा वाजला. गाव रस्त्यावर आलं. म्हाताऱ्या बाया छातीवर क्रूसाची खूण करत होत्या, कुणी रडत होतं, कपितोन लुकिच इंजिनखात्याच्या दारात काजळीने माखलेल्या तोंडाने उभा होता. ग्लाफिरा आपल्या जुन्या जागी, खिडकीकडच्या मागापाशी गेली. धोटा धावू लागला. तासाभरात पहिला धागा तुटला. तिने दोन्ही टोकं पकडली आणि गाठ मारायला गेली, तर अंगठा वळेना. दुसऱ्यांदा टोक निसटलं. तिसऱ्यांदा तिने माग थांबवला. शेजारच्या मागावर मार्फुशा होती. तिने पाहिलं आणि मुद्दाम दुसरीकडे बघू लागली.

दीड वर्ष ग्लाफिराने ते लपवलं. दातांनी गाठी मारल्या. जिभेच्या टोकाला धाग्याचे चरे पडले. सकाळी कामाला निघायच्या आधी ती गरम पाण्यात हात बुडवून बसायची, तेवढ्यावर दुपारपर्यंत निभायचं. कापडात चुका दिसू लागल्या की मार्फुशा गुपचूप येऊन चार धागे सांधून जायची. शेवटी खात्याच्या मास्तरने तिला बाजूला बोलावलं. तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "ग्लाफिरा नेफ्योदोव्ना, तुमच्यामुळे ही गिरणी चालतेय हे मला ठाऊक आहे. पण कापड..." तिनेच म्हटलं, "झाडू द्या मला."

काही वर्षं तिने मागांखालचा कापसाचा भुसा झाडला. झाडू धरवेना झाला तेव्हा तिला फाटकावर बसवलं. कामगारांचे हजेरीचे पितळी बिल्ले घ्यायचे आणि खिळ्याला अडकवायचे. तेही बोटांनी नाही, तळव्याने दाबून. मधल्या काळात गिरणीतल्या साक्षरतेच्या वर्गात ती वाचायला शिकली. पेन्सिल मुठीत धरून लिहायलाही शिकली. एकेक अक्षर अंड्याएवढं. नवीन पोरी फाटकातून हसत-खिदळत आत जाताना म्हणायच्या, "ग्लाशामावशी, आज तरी हसा!" ती म्हणायची, "तुम्ही हसताय तेवढं दोघींना पुरतं."

तेहतीस साली शहरातून एक लेखक आला. वेनियामिन ग्लुखोव त्याचं नाव. तिशीचा, छातीने अधू, खोकताना रुमाल तोंडावर धरणारा. दलदलीतल्या त्या उन्हाळ्यावर त्याला कादंबरी लिहायची होती, आणि सगळ्यांनी त्याला फाटकाकडे बोट दाखवलं. सहा दिवस तो फाटकावरच्या चौकीत बसून ऐकत होता. ग्लाफिराने पहिले पाच दिवस खड्डे, विटा आणि कपितोन एवढंच सांगितलं. सहाव्या दिवशी लिपाचं सांगितलं. का सांगितलं, कुणास ठाऊक. मार्फुशा सोडली तर तोपर्यंत तिने त्या तीन दिवसांबद्दल कुणापुढे ब्र काढला नव्हता. ग्लुखोवची पेन्सिल थांबली. डोळे पुसून तो म्हणाला,

"हे मी लिहीन. हे लिहिलं नाही तर बाकीचं कशाला लिहू?"

पुस्तक पुढच्या वर्षी वसंतात छापून आलं. गिरणीच्या क्लबात वाचनाचा कार्यक्रम ठेवला. लाल कापडाचं टेबल, पाण्याची सुरई, पुढच्या रांगेत ग्लाफिरा आणि तिच्या शेजारी उस्तिन्या. ग्लुखोव आणखी वाळला होता. त्याने वाचायला सुरुवात केली.

कादंबरीतल्या बाईचं नाव वार्वारा. उंच, तरतरीत, चामड्याचं जाकीट घातलेली. ती चाळीस बायांना घेऊन दलदलीत उतरते, आजारी असताना उतरते, उपाशी उतरते, आणि शेवटी दरोडेखोर पीटच्या ढिगांना आग लावतात तेव्हा ते वाचवताना जीव देते. मरताना तिला लांबून भोंगा ऐकू येतो. वार्वाराला नवरा नव्हता. मूल नव्हतं.

"चामड्याचं जाकीट!" मागच्या रांगेत मार्फुशा पुटपुटली. ती आता खात्यात मुकादम होती, पण तोंड तेच. "आमच्या पायाला धड जोडा नव्हता."

"शू! ऐकू दे ना," एक पोर म्हणाली. तिचे डोळे पाण्याने भरले होते. वार्वारा मेली तेव्हा निम्मा क्लब रडत होता, आणि ते रडणं खोटं नव्हतं.

टाळ्या संपल्यावर क्लबाचा व्यवस्थापक उठला. "आपल्यात त्या उन्हाळ्याच्या साक्षीदार बसल्या आहेत. कॉम्रेड ग्लाफिरा नेफ्योदोव्ना, दोन शब्द बोला."

ती नको नको म्हणाली, पण लोक पुन्हा टाळ्या वाजवू लागले. खुर्चीच्या पाठीला कोपर टेकवून ती उभी राहिली.

"पुस्तक चांगलं आहे," ती म्हणाली. "पोरींना आवडलं, हे मी बघितलं. मला एक मुलगी होती. लिपा. सहा वर्षांची. तिचा निरोप आला तेव्हा मी विटा रचत होते. मी तीन दिवस गेले नाही. बाकी आग वगैरे नव्हती. पाऊस होता."

आणि ती बसली. मग व्यवस्थापकाने घाईघाईने टाळ्या सुरू केल्या आणि लोकांनी त्या पुढे चालू ठेवल्या.

बाहेर पडताना ग्लुखोव दारात आडवा आला.

"अकरा पानं होती, ग्लाफिरा नेफ्योदोव्ना. शपथेवर सांगतो. संपादकांनी काढली. म्हणाले, वाचणाऱ्याला बळ मिळालं पाहिजे, हे वाचून तो खचेल."

"खचला असता का?"

"मला माहीत नाही. मी भांडलो. दोनदा भांडलो." तो खोकू लागला.

"घरी जा बाळा, आडवा हो," ती म्हणाली. त्याच्यावर तिचा राग नव्हता. ती नुसती थकली होती.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळी उस्तिन्या खिडकीशी बटाटे सोलत बसली होती. हातांचं सगळं काम तीच करायची. ग्लाफिरा समोर बसली होती. उस्तिन्याचा चाकू एकाच बटाट्यावर फिरत राहिला, साल संपली तरी. बटाटा सुपारीएवढा झाला.

"काय करतेस? खायला काही ठेवशील की नाही?" ग्लाफिरा म्हणाली.

उस्तिन्याने चाकू खाली ठेवला. उठली, पेटी उघडली, तळातल्या कपड्यांखालून एक घडी घातलेला कागद काढला आणि ग्लाफिरासमोर ठेवून पुन्हा जागेवर बसली. ग्लाफिराने मुठींनी घडी उलगडली. साथीच्या बराकीचा शिक्का. लिपाचं पूर्ण नाव, ओलिंपियादा त्रिफोनोव्ना. वय सहा. घटसर्प. मृत्यू, नऊ जुलै.

ती तारीख तिने बोट ठेवून वाचली. पुन्हा वाचली.

"गाडीवाला दहाला आला होता," ती म्हणाली.

"हो."

"दहाला तू सांगितलंस ताप आहे."

"मेली असं मला गाडीवाल्याला सांगवलं नाही गं. म्हटलं, आजारी आहे म्हणावं, मग ती येईल, तेव्हा सांगीन. तू आली नाहीस. दिवस गेले. मग आलीस तेव्हा माझं डोकं फिरलं होतं. मी म्हटलं कधी निरोप मिळाला, आणि तू म्हणालीस शनिवारी, आणि तुझं तोंड बघितलं आणि..." उस्तिन्याने ओल्या हातानेच तोंड पुसलं, गालाला बटाट्याची माती लागली. "ती गेली तेव्हा मी तिथे नव्हते, ग्लाशा. आठ तारखेला नेली तिला. नऊला सकाळी मी भाकरीच्या रांगेत उभी राहिले. नंबर लागत आला होता, म्हटलं घेऊनच जाऊ. गेले तर खाट रिकामी. मला ते कुणावर तरी टाकायचं होतं. तू होतीस."

"चौदा वर्षं."

"पहिल्या वर्षी सांगणार होते. मग वाटलं आता कसं सांगू. दर वर्षी आणखी कठीण झालं. काल तू सगळ्यांसमोर उभी राहून म्हणालीस, मी गेले नाही..."

ग्लाफिरा कागदाकडेच बघत होती. मग तिने विचारलं, "काही म्हणाली होती का? शेवटी?"

"मी नव्हते म्हणते ना. मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही."

त्यानंतर नऊ दिवस ग्लाफिरा तिच्याशी बोलली नाही. रोज सकाळी तिच्या कोटाची बटणं उस्तिन्या लावायची. त्या नऊ दिवसांत ती कोट उघडाच ठेवून कामावर गेली, आणि एप्रिलचा वारा नदीवरून सरळ छातीत शिरत होता. वेणी घालून घेतली नाही, डोक्याला फडकं कसंबसं गुंडाळलं. मार्फुशाने फाटकावर विचारलं, "मावशी, घरात कोण मेलंय?" ती म्हणाली, "जुनंच."

रागापेक्षा तिला हिशेबच लागत नव्हता. चौदा वर्षं तिने स्वतःला एका गोष्टीबद्दल शिक्षा दिली होती. ती गेली असती तरी लिपा भेटली नसती, हे आता कळलं. पण निरोप आला तेव्हा तिला ते कुठे माहीत होतं? तिच्या लेखी पोर जिवंत होती, आणि ती थांबली होती. ते तर खरंच राहिलं. कागदाने ते पुसलं नाही. मग उस्तिन्याला शिव्या घालून काय हाती लागणार होतं, तेही तिला कळेना. दहाव्या दिवशी सकाळी ती कोट घालून उस्तिन्यासमोर जाऊन उभी राहिली. उस्तिन्याने वरपासून खालपर्यंत बटणं लावली.

"वरचं घट्ट लागतंय," ग्लाफिरा म्हणाली.

"मान जाड झालीये तुझी."

"तुझ्या बटाट्यांनी."

त्या विषयावर त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत. मैत्रिणी झाल्या असं म्हणता येणार नाही. एका खोलीत दोन म्हाताऱ्या राहतात तशा राहिल्या. ग्लुखोव पुढच्याच हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने गेला. पुस्तक दोनदा पुन्हा छापलं गेलं, वार्वारा दोन्ही वेळा तशीच मेली.

छत्तीस साली ग्लाफिराचे गुडघे कायमचे आखडले. ती अंथरुणाला खिळली. गिरणीच्या प्रशिक्षण शाळेतल्या पोरी तिच्याकडे यायच्या, आधी मार्फुशाने पाठवलं म्हणून आणि मग आपणहून. पलंगाच्या गजाला धागे बांधून ती त्यांच्याकडून गाठी मारून घ्यायची. स्वतःला बोट हलवता येत नव्हतं, म्हणून सगळं तोंडाने. "डावा अंगठा खाली. अगं खाली म्हणजे खाली, छताकडे काय बघतेस? आता दुसरं टोक त्याच्या मागून. ओढू नकोस, बसू दे." पोरी वैतागायच्या, रडायच्या, आणि महिनाभरात शिकायच्या. काहींना ती भयंकर वाटायची. चुकीची गाठ ती डोळे मिटून, नुसत्या धाग्याच्या आवाजावरून ओळखायची, असं त्या सांगत. खरं-खोटं कुणी तपासलं नाही.

एक्केचाळीसच्या फेब्रुवारीत तिला न्यूमोनिया झाला आणि चार दिवसांत ती गेली. अठ्ठेचाळीसची होती. दिसायला सत्तरीची.

नोंदणी कचेरीत उस्तिन्या एकटी गेली. कारकूनबाई तरुण होती, तिने मान खाली घालूनच विचारलं, "मुलं?"

"एक मुलगी."

"पत्ता?"

"ती गेली. एकोणीसशे वीस, नऊ जुलै."

"मग मुलं नाहीत असं लिहिते."

"एक मुलगी लिही," उस्तिन्या म्हणाली, आणि लिहीपर्यंत खिडकीपासून हलली नाही. मागे रांग लागली होती, माणसं कुरकुर करत होती.

जमीन इतकी गोठली होती की खड्डा खणायला गिरणीतून पहारी आणाव्या लागल्या. मार्फुशा आली होती, मागखात्यातल्या पाच-सहा पोरी आल्या होत्या. कपितोन लुकिचला जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. कुणी भाषण केलं नाही. दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला तशा पोरी पळत गिरणीकडे गेल्या, आणि उस्तिन्याला मार्फुशाने हाताला धरून घरी आणलं.